दानिशची जागा

"हजर." आम्ही दोघं एकदमच म्हणालो आणि मला हसू फुटलं.

तपासणी गटाची पहिली ऑनलाइन बैठक होती. इंटरनेटचा कारभार बघणाऱ्या संस्थेचं नीट चाललंय का, हे आम्ही तपासायचं. सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ आणि साधे वापरणारे – प्रत्येकाच्या दोन जागा, कुणाचंच पारडं जड नको म्हणून. वापरणाऱ्यांकडून एक मी, मंतशा, भडगावात बायकांना मोबाईल शिकवणारी. दुसरा धुळ्याच्या देवपुरातला दानिश, मोबाईल दुरुस्तीवाला.

पडद्यावर त्याचं नुसतं नाव दिसायचं. आवाज मात्र... काय सांगू, ऐकतच राहावा असा. बैठक संपली तरी आम्ही दोघं बोलत बसायचो.

"मागे पाणी कसलं वाजतं रे?"

"पांझरेकाठी बसतो. इथंच रेंज मिळते."

"आणि तोंड कधी दाखवणार?"

"घाबरशील."

"मी? भडगावच्या बाजारात विचार, कोण कुणाला घाबरतं ते."

तो हसला. मग हळूच म्हणाला, "तू बोलतेस ना मंतशा... तेवढीच ऊब असते."

एप्रिलच्या उन्हात अंगावर काटा आला. आवडलाही, खोटं कशाला बोलू.

कंपन्यांना तिसरी जागा हवी होती. मतदान ठरलं. चार मतं त्यांच्याकडे, चार आमच्याकडे. बरोबरी झाली तर ती जागा मिळणार नव्हती, म्हणजे दानिशचं मत गेलं की आम्ही हरलोच. मत पक्कं करायचं निमित्त काढून मी धुळ्याला गेले. खरं तर त्याला बघायचं होतं. देवपूरच्या पुलावरून खाली पाहिलं, तर पांझरेत थेंब नव्हता.

दार त्याच्या अम्मीनं, हसीनाबींनी उघडलं.

"बेटी, तो तर मागच्या पुरात गेला. गटासाठी नाव पाठवलं त्याच आठवड्यात. मोबाईलही खिशातच होता."

मी आले तशी भडगावला परतले.

मतदानाच्या दिवशी बैठकीआधीच त्याचा आवाज आला. "घरी जाऊन आलीस."

"गप्प बस. मत दे, मग बघू."

"लोकांना आज काय टोचतंय, मला काय ठाऊक? जिवंतांच्या जागेवर मी किती दिवस बसू? सगळ्यांना सांगून टाक, मंतशा. तू सांगितलंस की मला जाता येईल."

अध्यक्ष राजकुंवर मॅडमनी हजेरी घेतली. "दानिश?"

"हजर."

"मॅडम," मी म्हणाले, "दानिश हयात नाही. जागा रिकामी धरा."

"अहो, आत्ताच तर..." मॅडम थांबल्या. सगळ्यांच्या स्पीकरमधून पाणी वाहताना ऐकू येत होतं. मग त्यांनी मतं मोजली आणि एका मतानं जागा कंपन्यांना गेली.

"हरलो ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"तरी बरं केलंस."

त्याचं नाव पडद्यावर पुसट होत चाललं. मला राहवेना. "माझं प्रेम आहे रे तुझ्यावर. फार आहे. जा आता..."

माझा माईक चालूच होता. सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ – सगळ्यांनी ऐकलं.

मॅडमनी विचारलं, "मंतशा, हे... इतिवृत्तात घ्यायचं का?"

"घ्या," मी म्हणाले.