येतो हं, बाई

त्या दुपारी किल्लीवाल्याचं काम साधंच होतं. वरच्या मजल्यावरच्या खोलीचं कुलूप काढून नवं बसवायचं. खोलीतली भाडेकरू म्हणजे एकटी राहणारी एक शिक्षिका. दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. घरमालकाला नवा भाडेकरू हवा होता आणि दुपारची झोपही, म्हणून तो दारात जांभया देत उभा होता.

दार उघडलं तसा कोंदट वास आला, आणि त्याच्यामागून काहीतरी आंबूस. तो पलंगाखालून येत होता. वाकून पाहिलं तर मांजर. नुसता हाडांचा सापळा, डोळे चिकटलेले. तोंड उघडायचं, पण आवाज फुटायचा नाही.

"द्या फेकून खाली," घरमालक म्हणाला. "नसती ब्याद."

किल्लीवाल्याने नवं कुलूप बसवलं. काम उरकून हत्यारं खिशात कोंबली आणि पिशवीत मांजर ठेवलं. निघताना रिकाम्या खोलीकडे बघून तो म्हणाला, "येतो हं, बाई."

त्यात विशेष असं काही नव्हतं. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे त्याच्या आईने लहानपणी पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. जिभेची सवयच ती, समोर माणूस आहे की नाही हे ती थोडीच बघते? स्वतःशीच हसून तो जिना उतरला.

ही आई आता अंथरुणाला खिळली होती. पडल्यापासून कंबर गेली, आणि मागोमाग अन्नावरची वासनाही उडाली. खाल्लं नाही तर औषधं तरी काय करणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. किल्लीवाला घास हातात धरून तिच्या उशाशी तास तास बसायचा.

"माझ्या जोडीला आणखी एक मरतुकडं आणलंस," मांजर बघून आई म्हणाली. पण थोड्या वेळाने तिनेच हात पुढे केला. कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळे पुसले. ड्रॉपरने पाणी घातलेलं दूध थेंब थेंब पाजलं. मांजर घुटके घ्यायला लागलं तशी तीही दोन घास जास्त खायला लागली. पुढे ते तिच्या पोटाशी झोपून घुरघुरू लागलं आणि तिने आपणहून वरणभात मागितला, तेव्हा किल्लीवाला स्वयंपाकघरात जाऊन उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासत बसला. त्याला फार बरं वाटलं होतं.

मग एका संध्याकाळी आई म्हणाली, "दुपारी बाई आल्या होत्या. मांजराला बघायला."

"कोण बाई?"

"शिकवायच्या म्हणे कुठेतरी. या खुर्चीत बसून राहतात. गरीब आहेत बिचाऱ्या."

कामाला जाताना तो बाहेरून कुलूप लावायचा आणि किल्ली त्याच्याच खिशात असायची. त्याने कुलूप बदललं. गिऱ्हाइकांना ज्याची छातीठोक हमी द्यायचा, तेच लावलं. बाई येतच राहिल्या.

"का येतात, विचारलंस?"

आईने मांजराच्या पाठीवरून हात फिरवला. "कुणीतरी 'येतो' म्हणून गेला म्हणे... पुन्हा फिरकलाच नाही. वाट बघून बघून शेवटी त्याच निघाल्या."

त्या खोलीत 'येतो' म्हटल्याचं त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मांजर बाहेर सोडावं तर आईचं खाणं पुन्हा सुटणार. म्हणजे मांजर राहायला हवं होतं, आणि बाई जायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कुलूप तपासायच्या निमित्ताने तो त्या खोलीत गेला. पलंग हलवला होता, वासही गेला होता. आत कुठेतरी नळ ठिबकत होता. जो शब्द त्याने जन्मात उच्चारला नव्हता, तो जिभेवर येईना.

"बाई... जातो."

नळ ठिबकायचा थांबला. किल्लीवाल्याने कुलूप लावलं आणि मागे न बघता जिना उतरला.

संध्याकाळी घरी आला तेव्हा आई उशांशिवाय ताठ बसलेली होती. मांजर कपाटावर चढून अंग फुगवून बसलं होतं, काही केल्या खाली येईना.

"आल्या होत्या?" त्याने हळूच विचारलं.

"आल्या होत्या. आज उठताना 'जाते' म्हणाल्या."

त्याचा जीव भांड्यात पडला. "मग?"

"मग काय! चांगलं दटावलं मी. म्हटलं, शिकलेल्या बाई तुम्ही, असं अभद्र बोलू नये. 'येते' म्हणावं." आई लाजल्यासारखी हसली. "तर म्हणाल्या, 'बरं, येते. पण एकटीचं येणं-जाणं जिवावर येतं हो... तुम्हीच चला ना माझ्याकडे.' इतकं आग्रहाने म्हणाल्या, नाही कसं म्हणायचं? हो म्हटलं."

त्याने कपाटावरच्या मांजराकडे पाहिलं.

"माझ्या चपला कुठे ठेवल्यास रे?"

"कशाला, आई? तुला उभं तरी..."

"काढ तर."

ती पडली तेव्हाच चपला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या. स्टुलावर चढून त्याने पुडकं खाली काढलं. सुतळीची गाठ त्याचीच होती, वरची धूळही तशीच होती. कागद उलगडून त्याने चपला हातात घेतल्या. आतून त्या कोमट होत्या, नुकत्याच पायातून काढाव्यात तशा.