उजव्या खांद्यामागून

त्या संध्याकाळी गंधालीचे पाय इतके भरून आले होते, की एक मजला आधीच थांबल्याचं तिला कळलंच नाही. तेलीबांध्याच्या ऑफिसातून पुरानी बस्तीत यायचं, वर हे जिने... तिने दार लोटलं.

"ताई, ब्लाउज झाला का?"

आत हेडफोन लावलेला एक पोट्टा कॉम्प्युटरपुढे बसला होता. "शिवणवाल्या ताई वरच्या मजल्यावर," तो हसला. "मी गान्याले टाके घालतो. बसा घडीभर, लय दमल्या दिसता."

त्याने हेडफोन तिच्या कानांवर चढवले. बासरी वाजली — थेट पाठीमागून! ती दचकून वळली. मागे नुसती भिंत.

"अय्या! कोन हाय तिकडे?"

"कोनी नाही." त्याने पडद्यावरचं चित्र दाखवलं. मधोमध एक डोकं, भोवती ठिपके. ठिपका सरकवला, की आवाज तिथून यायचा.

त्याचं नाव अभिनव. ब्लाउज मिळाला, तरी ती येत राहिली. तो काम करायचा, ती त्याच्या उजव्या हाताला जरा मागे, जुन्या आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसायची. कधी तिथेच डोळा लागायचा. एकदा त्याने तिच्याकडून आईची अंगाई गाऊन घेतली, रेकॉर्ड केली.

आज ती म्हणाली, "बढती देऊन राहिले, पण बिलासपूरले. उद्या सांगायचं हाय... हो का नाही."

"चांगलं हाय की." त्याची नजर पडद्यावरच. बस, एवढंच? "तुमची अंगाई झाली. ऐका."

तिने ऐकली. बासरी समोर, टाळ डावीकडे. आणि तिचा स्वतःचा आवाज — उजव्या खांद्यामागून, अगदी जवळून.

"गानारीले समोर ठेवतात, असं तुम्हीच म्हनत होते ना? मग मले मागे काहून?"

त्याने पडद्याकडे पाहिलं. ठिपका खरंच मागे होता. त्याचे कान तांबडे झाले.

"ध्यानातच नाही आलं... तुम्ही तिथं बसता ना. आता त्या बाजूनं काही ऐकू नाही आलं, तर मले काम सुचत नाही." तो ठिपका पुढे ओढू लागला.

"राहू द्या तिथंच." ती हेडफोन काढून आरामखुर्चीत जाऊन बसली. दिवसभराचा शीण अंगात होताच, पण ती ताठ बसली. "बाकीचं सांगा."

तो पाठमोराच म्हणाला, "बिलासपूरले... नका जाऊ."

"असं नाही. समोरून सांगा."

खुर्ची करकरली. अभिनव वळला, आणि त्याने तेच पुन्हा सांगितलं, तिच्या डोळ्यांत बघून.

"हव, नाही जात," गंधाली म्हणाली, आणि तिने पाय खुर्चीवर घेतले.