रिकामं येणारं विमान

ताई त्या दिवशी विमानतळावर गेली ती फक्त आपलं चहाचं पातेलं आणायला. कँटीन बंद होऊन बरेच दिवस झाले होते. बाकीची भांडीकुंडी तिने थोडी थोडी करून घरी नेली होती, पण ते मोठं पातेलं तेवढं तिथेच राहिलं होतं. भावाला सांगून सांगून तिचं तोंड दुखलं. तो रोज "उद्या आणतो" म्हणायचा आणि रोज हात हलवत परत यायचा. शेवटी एका दुपारी, ऊन कलल्यावर, तिने पायात चपला सरकवल्या आणि स्वतःच निघाली.

हा भाऊ म्हणजे बारक्या. दारातून वाकून आत यावं लागे एवढा उंच, चाळिशीला टेकलेला, तरी घरात बारक्याच. आईवडील लवकर गेले तेव्हा ताईनेच त्याला वाढवलं. तिच्या लग्नाचा विषय कुणी काढला की ती म्हणायची, आधी याचं मार्गी लागू दे. त्याचं मार्गी लागेपर्यंत तिचे केस पांढरे झाले.

विमानतळ झाला तो त्यांच्याच जमिनीवर. धावपट्टी जिथे संपते तिथे त्यांची विहीर होती, ती बुजवली. जमीन गेली, त्या बदल्यात बारक्याला नोकरी मिळाली आणि ताईला प्रवाशांच्या दालनातलं कँटीन. बारक्याचं काम तसं साधं. विमान उतरायच्या आधी जीप घेऊन धावपट्टीवरून एक फेरी मारायची, कुत्री-पाखरं हाकलायची, कुठे खडा पडलेला दिसला तर उचलायचा. विमान उतरलं की लांब उभं राहून बघायचं. एवढ्या वर्षांत दोघांनी ढिगाने विमानं पाहिली, पण बसलं कुणीच नाही. पुढच्या वर्षी बसू असं ठरायचं आणि राहून जायचं.

मग उतरती कळा लागली. आधी सकाळचं विमान बंद झालं. संध्याकाळचं रोजचं होतं ते एक दिवसाआड झालं. मग तेही बंद पडलं आणि कंपनीची माणसं भिंतीवरचा फलक उतरवून घेऊन गेली. फलकाखालचा रंग तेवढा नवाकोरा राहिला होता. विमानतळ कायमचा बंद होणार की काय, याचं उत्तर कुणी देईना. वरून एवढंच सांगितलं जायचं की दुसऱ्या कंपनीशी बोलणी चालू आहेत, तोवर सगळं सज्ज ठेवा. त्यामुळे उरलेली माणसं रोज यायची. काउंटर पुसायची, दिवे लावून बघायची, सामानाचा पट्टा थोडा फिरवायची. मांडव घातलाय आणि वऱ्हाडाचा पत्ता नाही, असं हमाल म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

पहिला तोच गेला. एक दिवस आला नाही, फोन लागेना. सगळे म्हणाले, शहरात काम मिळालं असेल, गेला असेल. इथे बसून काय माश्या मारायच्या? मग सफाई करणारी बाई गेली. तिची बादली दालनाच्या मधोमध तशीच उभी होती, पाणी अजून कोमट, फडकं अर्धवट पिळलेलं. तिच्यामागे सुरक्षारक्षक गेला. त्याच्या दारात दोरीवर ओले कपडे वाळत होते, ते पुढे कित्येक दिवस तसेच वाळत राहिले. त्या गावाला माणसं जाण्याची एवढी सवय झाली होती की मागे कुणी शोध घेत नसे. उलट मागे राहिलेल्यांना थोडा हेवाच वाटायचा. जाताना सांगायचं तरी, एवढीच काय ती तक्रार.

सगळ्यात शेवटी साहेब गेले, विमानतळाचे प्रमुख. त्यांचा चष्मा टेबलावर घडी करून ठेवलेला सापडला. चष्म्याशिवाय साहेबांना समोरचं माणूस ओळखू यायचं नाही, हे ताईला ठाऊक होतं. तिने ते बारक्याला बोलून दाखवलं. बारक्या खाली मान घालून जेवत राहिला.

तेव्हापासून तिचं त्याच्यावर लक्ष होतं. तो आता दुपारी दाढी करायला लागला होता. इस्त्रीचा सदरा घालून कामावर जायचा. काम उरलं होतं कुठे? दालनाला कुलूप होतं आणि किल्ली याच्याकडे, बस्स. एका रात्री जेवताना तिने सरळ विचारलं, रोज नटूनथटून कुठे जातोस, कुणी आहे का तुझ्या मनात?

तो हसला नाही. पाण्याचा पेला हातात फिरवत राहिला.

"येतं अजून," तो म्हणाला.

"काय येतं?"

"संध्याकाळचं."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. मग तिने हळूच, लहानपणी ताप आला की विचारायची तशा आवाजात विचारलं, उतरतं कोण त्यातून?

"कुणी नाही. रिकामं येतं, ताई..." त्याने पेला खाली ठेवला. "न्यायला येतं."

तिने त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, एकटेपणाने होतं असं कधीकधी, माणसांत राहू दे, आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. माणसांत राहायला माणसं हवीत ना. गोळ्या त्याने घेतल्या, झोपला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा आरशासमोर उभा राहिला. पातेलं हे ताईचं निमित्तच होतं म्हणा. तिला डोळ्यांनी बघायचं होतं की हा तिथे जाऊन करतो काय.

ती पोचली तेव्हा दालनाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरताच बंद खोलीचा कोंदट वास आला, आणि त्याखाली आणखी एक, ओळखीचा. विमानाच्या इंधनाचा. हा वास कधीच विरून जायला हवा होता. खुर्च्यांवर धूळ होती. छतात पाखरांनी घरटं केलं होतं, पण पाखरं नव्हती, चिवचिव नव्हती. ताई आपल्या कँटीनमध्ये गेली, पातेलं उचललं, पदराने आतून पुसलं. बारक्याला हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं आणि तेवढ्यात मागे घरघर सुरू झाली.

सामानाचा पट्टा फिरत होता. त्यावर काहीच नव्हतं. रबराच्या झालरीतून तो बाहेर यायचा, वळायचा आणि पुन्हा आत जायचा. मग छतातले दिवे एकामागून एक लागत गेले, दारापासून तिच्या डोक्यापर्यंत.

ताई घाबरट बाई नव्हती. विमानतळ होण्याआधी त्याच रानात तिने एकटीने गुरं राखली होती. तिने स्वतःला समजावलं, पोराने कुठलंतरी बटण दाबलं असणार. पातेलं कडेवर घेऊन ती धावपट्टीच्या बाजूच्या मोठ्या काचेपाशी गेली.

बाहेर धुकं उतरत होतं. थंडीचे दिवस नव्हते, तरी शेताच्या बाजूने ते जमिनीला धरून सरकत येत होतं. त्यातून बारक्याची जीप गेली, सावकाश, नेहमीसारखी. कुत्री पळाली नाहीत. ती जागच्या जागी पोट जमिनीला लावून, डोकं पंजांत खुपसून पडली होती. जीप त्यांच्या कडेने वळसा घेऊन गेली आणि परत येऊन थांबली. बारक्या उतरला. त्याने जीपच्या आरशात बघून केस विंचरले.

विमान आलं तेव्हा आवाज झाला नाही. ते धुक्यातून निघालं, चाकं टेकली, धावत पुढे आलं, थांबलं. आणि ते थांबल्यावर, सगळं संपल्यावर, मागून त्याचा आवाज आला. काच थरथरली. ताईच्या कडेवरचं पातेलं वाजलं.

पांढरं विमान होतं. त्यावर कुठल्या कंपनीचं नाव नाही, काही नाही. खिडक्यांत पिवळा उजेड होता आणि जवळजवळ सगळ्या खिडक्या रिकाम्या होत्या. तीन-चार नव्हत्या. एका खिडकीत हमाल होता, मान मागे टेकून बसलेला. त्याच्या मागे सफाईवाली, हात मांडीवर ठेवून. पुढच्या खिडकीत साहेब होते. ते डोळे बारीक करून दालनाकडे बघत होते, चष्मा नसल्यावर बघतात तसे, काय दिसतंय ते ओळखायचा प्रयत्न करत.

जिना खाली आला. बारक्या चालायला लागला.

ताईने काचेवर मूठ आपटली. त्याला ऐकू गेलं नाही. ती धावली, शेजारचं संकटकाळचं दार खांद्याने ढकललं, ते कुरकुरत उघडलं आणि ती फरशीवरून डांबरावर आली. हवेत तो इंधनाचा वास एवढा दाट होता की घशात बसत होता. ती जिन्यापाशी पोचली तोवर बारक्या वरच्या पायरीवर गेला होता.

"बारक्या, खाली ये."

तो वळला. त्याचा चेहरा कितीतरी वर्षांत तिने असा मोकळा पाहिला नव्हता.

"ताई, खालीच तर होतो इतकी वर्षं."

"हे जातं कुठे? ते तरी सांग..."

त्याने मागे वळून दारातून आत पाहिलं, कुणालातरी विचारावं तसं.

"ते नाही सांगत," तो म्हणाला. "पण जातं ना."

तिने कठड्याला हात घातला. लोखंड बर्फासारखं गार होतं. एक पायरी चढायची होती, नुसती एक, पण तिचा पाय उचलेना. आयुष्यभर या पोरामागे धावलेली बाई, तिला त्या क्षणी एक पायरी चढवेना. तिने विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, मला एकटीला टाकून निघालास?

"तुझीही जागा आहे," बारक्या म्हणाला. समजूत घालावी तसा. "मी सांगितलंय त्यांना... तिला आवरायला वेळ लागतो."

तो वाकून आत गेला. घरच्या दारातून शिरायचा तसाच. जिना वर गेला, दार लागलं. विमान वळलं आणि धुक्यात गेलं. ती पातेलं छातीशी धरून उभी राहिली, आणि बऱ्याच वेळाने, आकाश मोकळं झाल्यावर, ते उडाल्याचा आवाज तिच्या डोक्यावरून गेला.

तिने सगळ्यांना सांगितलं. पोलिसांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, त्या डॉक्टरलाही सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेजारीण म्हणाली, जाऊ दे ताई, माझेही दोघे असेच गेले, काम लागलं की फोन करतात. पोलिसाने जीप बघितली, दार उघडं, किल्ली जागेवर, आरशाशेजारी कंगवा. धडधाकट माणूस आपल्या पायाने गेला, आम्ही काय करणार, असं तो म्हणाला. बोलण्यात त्याच्या वाईट काही नव्हतं. त्याने स्वतःच बदलीसाठी अर्ज केला होता.

विमानतळाचं काय करायचं ते ठरलं नाही. कधी ऐकू यायचं की गोदाम करणार, कधी विकणार, कधी नवी कंपनी येणार. दालनाला साखळी लावली. धावपट्टीच्या भेगांतून गवत वर आलं. ताईने त्या बाजूला जाणंच सोडलं. गाव सोडून दूरच्या मावसबहिणीकडे जावं असंही तिने ठरवलं, पण सामान बांधायला घेतलं की तिला बारक्याचं ते शेवटचं ‘तिला आवरायला वेळ लागतो’ आठवायचं आणि ती बांधलेलं सगळं पुन्हा सोडून ठेवायची. आवरलेलं घर तिला नको होतं. भांडी न घासता ठेवायची, अंथरूण पसरलेलं, कपडे इकडेतिकडे. शेजारणींना वाटलं, भावाच्या दुःखाने बाई आळसावली.

असे कित्येक महिने गेले. एका भर दुपारी ती अंगणात धुणं वाळत घालत होती. ऊन एवढं कडक होतं की सावल्या पायाखाली गोळा झाल्या होत्या. फोन वाजला. तिने ओला हात पदराला पुसून तो कानाला लावला. पलीकडे आधी नुसती घरघर होती, एकसुरी, न थांबणारी. त्यात कुणीतरी खोकलं. तो खोकला साहेबांचा होता.

"ताई," बारक्या म्हणाला.

कुठे आहेस, एवढंच तिने कसंबसं विचारलं.

"अजून उतरलो नाही." त्याचा आवाज फार दमलेला होता. "उतरवतच नाहीत... नुसतं फिरतंय. पण आत्ता खाली आपलं घर दिसतंय. तू दिसतेस."

ताईने वर पाहिलं. आकाश निळंभोर, रिकामं. एक ढगसुद्धा नव्हता.

"ताई..." घरघर तेवढी चालू राहिली. "तुझ्या मागे एवढी रांग कसली लागलीय?"

फोन बंद झाला. ताई वळली नाही. समोर दोरीवरचे कपडे निश्चल होते, वारा नव्हता. आणि तिच्या पाठीशी, अगदी जवळ, चाकांच्या बॅगा गुळगुळीत फरशीवरून एक पाऊल पुढे सरकल्याचा आवाज आला. तिचं अंगण मातीचं होतं.