पांढऱ्या दगडापासून

"बीळ नाहीच मुळी," हॅल ब्रूअर म्हणाला. "त्या मेश्रामनेच खड्डे खणलेत आणि आता आमच्या नावाने बोंब मारतोय."

नेवाडाच्या वाळवंटात नऊशे घरांची वसाहत उभी राहत होती. ब्रूअर तिचा मॅनेजर. काउंटीची अट अशी: पूर्वेच्या पट्ट्यात वाळवंटी कासवाचं राहतं बीळ असेल, तर तो पट्टा मोकळा सोडायचा. पाहणी आज दुपारी बाराला. बीळ दिसलं नाही, तर एकला बुलडोझर.

बीळ शोधणारे जीवशास्त्रज्ञ धर्मराज मेश्राम फाटकाबाहेर उभे होते. शुक्रवारी ते डायरी साइट ऑफिसात विसरले. शनिवारी फाटकाला कुलूप लागलं आणि डायरी गजांमधून परत मिळाली. रविवारी पट्ट्यात खड्डे पडले. मेश्रामांचाच बनाव ठरला, तर त्यांचा परवानाही जाणार होता. म्हणून त्यांनी डिटेक्टिव्ह लतिका देवधरला बोलावलं.

तिने डायरीतली नोंद वाचली: 'पांढरा दगड. पूर्वेला ४१ पावलं.' आकृती नव्हती.

"दोरीवर वाळत घातलेली ती अक्षरं मला ओ की ठो कळत नाहीत," ब्रूअर म्हणाला.

शुक्रवारी ऑफिसात आणखी एकच माणूस होता: प्लॅनिंग इंजिनीअर संजीव, जन्म शिकागोचा.

"मराठी वाचता येतं?" लतिकाने विचारलं.

"स्लोली. आई संडेला बाराखडी घ्यायची. पण मी डायरी ओपनसुद्धा नाही केली. एका कासवासाठी दोनशे घरं कॅन्सल? सूप करा त्याचं!"

त्याच्या टेबलावर लग्नपत्रिका होती. ठळक मराठी अक्षरांत, ४ मार्च.

"कझिनचं लग्न. सहाला पोचतोय, दोन दिवस आधी."

"वा," लतिका म्हणाली.

तिचा सहकारी प्रल्हाद दगडापासून पावलं मोजत निघाला. एकोणनव्वदाव्या पावलाला चार खड्डे.

"ताई, मेश्राम खोटं बोलले! एक्केचाळीसला तर काहीच खणलेलं नाही."

परतताना लतिका एका झुडपापाशी वाकली. "नाडी सुटली," म्हणाली. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

बाराला काउंटीच्या इन्स्पेक्टर बाई आल्या. लतिकाने त्यांना फाटक उघडायला लावलं आणि धर्मराजांना आत घेतलं.

"खणणाऱ्याने दगड बरोबर ओळखला, दिशाही," ती म्हणाली. "म्हणजे त्याला अक्षरं येतात. ब्रूअर सुटले. मेश्रामांनी बनाव केला असता, तर स्वतःच्याच नोंदीपाशी केला असता. खणणाऱ्याचे आकडे चुकले. आपला चार त्याला इंग्रजी आठ दिसला, एक नऊ दिसला. एक्केचाळीसचे झाले एकोणनव्वद. तिथे बुजवायला बीळ सापडेना, म्हणून चार ठिकाणी खणलं."

"प्रूव्ह इट!" संजीव ओरडला.

"लग्न कधी आहे?"

"एट्थ मार्च."

लतिकाने टेबलावरून आणलेली पत्रिका पुढे केली. धर्मराजांनी ती पाहिली आणि मान खाली घातली. प्रल्हादला मात्र दुसऱ्यांदा वाचावी लागली.

एक्केचाळिसाव्या पावलाला तेच झुडूप होतं. धर्मराज गुडघ्यांवर बसले आणि खिशातल्या आरशाने त्यांनी ऊन झुडपाखालच्या बिळात सोडलं. आत एक खवलेदार पाय सावकाश मागे सरकला.

इन्स्पेक्टर बाईंनी नोंद केली.

"लग्न चारला आहे," लतिका संजीवला म्हणाली. "पोचाल की नाही, ते आता शेरीफला विचारा."