दरडीखालचं घर

दुपारी नोएमीनं आपल्या वहिनीला, ओतिलियाला, मक्याचं पीठ आणायला धाडलं, तेव्हा अँडीजच्या त्या उतारावर नुसतं विरळ धुकं होतं.

"पांढरं आणा नाहीतर पिवळं, वहिनी. तुमच्या मनाला येईल ते."

ओतिलियाला नेमकं तेच जमत नसे. दरड कोसळली आणि तिचं घर, नवरा हासिंतो, सगळं चिखलाखाली गेलं. तेव्हापासून एवढंसं ठरवतानाही छातीत धडधडे. जिभेची चव गेली होती. 'पुढच्या महिन्यात' असं कुणी म्हटलं, की डोळ्यांपुढे नुसती करडी भिंत. आता ती नोएमीकडेच राहत होती. नणंद मायेची, कधी टोचून बोलली नाही.

नदीपाशी वाट फुटत होती. एक पुलावरून दुकानाकडे, एक गाडल्या गेलेल्या गावाकडे. ओतिलिया फाट्यावर थिजली. धुकं दाटलं, पाण्याचा आवाज बुजत बुजत गेला... आणि तळलेल्या केळ्यांचा वास आला. तिच्या तोंडाला चक्क पाणी सुटलं! पाय आपोआप गाडल्या गावाकडे वळले.

घर उभं होतं. दारात हासिंतो.

"ये गं. गारठलीस."

पहिलाच घास गोड लागला. ती रडत रडत खात राहिली. त्यानं पाठीवर हात ठेवला. हात ओला होता.

"हासिंतो... उद्या काय करायचं आपण?"

त्यानं तिच्या ताटात आणखी एक केळं वाढलं.

"सांग ना..."

"इथं उद्या नसतो," तो अगदी हळू म्हणाला. "म्हणून तर बरं वाटतंय तुला."

भिंतीतून चिखल पाझरत होता. चुलीपाशी वाट बघणारी नोएमी तिला एकाएकी आठवली. ती उठली.

"जाते मी. नोएमीच्या परसात घेवडा लावायचाय मला."

हे शब्द कुठून आले, तिलाच कळेना.

"कुठं लावशील?"

"पेरूच्या झाडापलीकडे."

त्यानं मान डोलावली आणि तिची वाट सोडली.

ती पिवळं पीठ घेऊन परतली. घेवड्याचं ऐकून नोएमीला हसू आवरेना. "बरं झालं बाई! माझी वहिनी परत आली!"

सकाळी पेरूच्या झाडापलीकडे ओळीनं आळी खणलेली होती. पाऊस नव्हता, तरी सगळ्यांत करडं पाणी.

"एवढं कधी खणलंत हो तुम्ही?"

ओतिलियानं कुदळीला हातही लावला नव्हता. ती ओळीच्या टोकाकडे बघत होती. तिथला खड्डा घेवड्यासाठी नव्हता. लांबट होता, खोल... आणि दोन माणसं शेजारी शेजारी निजतील एवढा रुंद.