जेपुनवरचा आळ

"विर्या, जाळी खाली घे! आणखी खाली! अरे, मासा पकडतोयस की आमटी ढवळतोयस?"

"मग तूच ये ना! हा सारखा निसटतोय!"

रतिहने धाकट्या भावाच्या हातून जाळी ओढून घेतली. टाकीतल्या खडकाच्या कपारीपाशी ती स्थिर धरली आणि दुसऱ्या हाताने पाणी हळूच हलवलं. शेंदरी पोटाचा, जांभळ्या पाठीचा एवढासा एंजलफिश, जेपुन, आपणहून जाळीत शिरला. ही युक्ती तिला बापाने समुद्रात शिकवली होती. त्याला तिने तिथेच, पाण्याखाली श्वास रोखून, स्वतःच्या हातांनी पकडलं होतं. त्यामुळे तो तिचा नुसता मासा नव्हता, जीव की प्राण होता.

"आटपा लवकर! उवांचं घोरणं थांबलंय!" दारापाशी पहारा देणारा सुदर्मा कुजबुजला. सुदर्मा शेजारचा. सुट्टी लागल्यापासून तो जेवायलासुद्धा इकडेच असे.

उवा म्हणजे रतिहचे मोठे काका. बालीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या गावात प्रवाळ वाढवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अंगणातल्या काठोकाठ भरलेल्या टाकीत त्यांनी वर्षानुवर्षं जपलेली प्रवाळं होती. आणि गेले चार दिवस त्यांतलं सगळ्यात वरच्या फळीवरचं जाडजूड हिरवं प्रवाळ कुणीतरी कुरतडत होतं!

"कुणीतरी कसलं? हा तुझा एंजलफिश!" उवांनी सकाळीच निकाल देऊन टाकला होता. "आठवडा नाही झाला त्याला येऊन, आणि लागला चरायला! परवा देनपासार शहरातल्या मासेव्यापाऱ्याची गाडी येतेय. पिशवीत घालायचा आणि पाठवून द्यायचा. विषय संपला!"

रतिहच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. पण दुपारपर्यंत तिचं डोकं चालायला लागलं. जेपुन टाकीतच नसला आणि तरीही प्रवाळ कुरतडलं गेलं, तर? तिघांनी मिळून जेपुनला भोकांच्या टोपलीत घातलं आणि ती टोपली घरामागच्या टाकीत सोडली. वर नारळाची झावळी झाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उवांच्या आरडाओरड्यानेच सगळे उठले.

"या! या बघायला! आज तर दोन ठिकाणी चावलाय लाडोबा!"

"उवा," रतिह शांतपणे म्हणाली, "जेपुन कालपासून या टाकीत नाहीच आहे."

उवांचं तोंड उघडं राहिलं. मग ते एकदम तडकले. "म्हणजे मला न विचारता टाकीत हात घातलेत? मग तुमचेच हात लागले असतील! गाडी उद्या येतेय म्हणजे येतेय!"

आंब्याखाली जाळं विणत बसलेले पेकाक, म्हणजे पोरांचे आजोबा, गालातल्या गालात हसले. "एंजलफिशचा काही नेम नसतो, पोरी. एखादा जन्मभर प्रवाळाला तोंड लावत नाही, एखादा दोन दिवसांत फडशा पाडतो. त्याच्यावर नजर ठेवायची. दुसरा उपाय नाही."

मग काय! जेपुनला परत टाकीत सोडून तिघं दिवसभर काचेला नाक लावून बसली.

"प्रवाळावरच्या जखमा बघा केवढ्या रुंद आहेत!" सुदर्मा म्हणाला. "आणि याचं तोंड बघा, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं!"

"आणि सगळ्या जखमा वरच्याच फळीवर कशा?" विर्याने विचारलं. "हा तर दिवसभर खाली शेवाळ टोचत फिरतो."

दुपारी दोघे पोरगे केळ्याची भजी आणायला पळाले. रतिह एकटीच उरली. जेपुन पोहत पोहत तळाशी गेला. तिथे निळ्या झालरीचा मोठा शिंपला उघडा पडला होता. जेपुन थांबला, वाकडा झाला आणि त्याने झालरीला टुचकन चावा घेतला! शिंपला खाडकन मिटला. थोड्या वेळाने तो उघडला, तर पुन्हा तेच!

रतिहने पटकन मागे वळून पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना.

"काही दिसलं का?" विर्या तोंडात भजं कोंबून विचारत आला.

"नाही," रतिह म्हणाली. तिने भज्यांना हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी, गाडी यायच्या सकाळी, तिघं वाळत घातलेल्या जाळ्यांमागे दबा धरून बसली. आतून भाताचा वास आला. पाठोपाठ मेमे, उवांची बायको, केळीच्या पानाचे चौकोनी तुकडे घेऊन बाहेर आली. प्रत्येकावर चिमूटभर गरम भात. एक चुलीपाशी ठेवून झाला होता. एक विहिरीवर, एक फाटकापाशी आणि एक टाकीच्या काठावर. हात जोडून ती आत गेली. देवांचा वाटा ठेवून झाला की तो मुंग्या खातात, कोंबड्या खातात. घरोघरी रोजचंच आहे ते. तिकडे वळून कोण बघणार?

मग उवा आले. त्यांनी बांबूच्या टोपलीखालून बुइकला काढलं. बुइक म्हणजे त्यांचा कबऱ्या पिसांचा, झुंजीचा कोंबडा! त्याचे पाय चोळले, मान खाजवली, कानात काहीतरी लाडाचं बोलले आणि त्याला मोकळा सोडून कॉफी प्यायला गेले.

बुइक फडफडत टाकीच्या काठावर चढला. त्याने पान असं काही विस्कटलं, की निम्मा भात पाण्यात! शितं बोटभर पाण्याखालच्या हिरव्या प्रवाळावर जाऊन बसली. बुइकने मान तिरकी केली. टच्! शीतही गेलं आणि प्रवाळाचा तुकडाही!

"अरे, हाकल त्याला!" विर्या उठलाच. सुदर्माने त्याला खाली ओढलं. "गप! आधी साक्षीदार आणू या."

तो स्वयंपाकघराकडे धावला. "उवा! आज बुइक काय ऐटीत उभाय! लवकर बघायला या, पण पाऊल वाजवू नका!"

उवा कॉफीचा ग्लास हातात घेऊनच, कौतुकाने फुलून आले. आणि बघतच राहिले! ग्लास कलंडला, निम्मी कॉफी पायावर सांडली, तरी त्यांना पत्ता नव्हता.

"बुइक... तू?"

"आमचे हात लागले नाहीत हं, उवा," विर्या अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

पेकाकांना हसून हसून ठसका लागला. मेमे कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ऊन मिळावं म्हणून ती फळी वर कुणी उचलली? सहाच दिवस झाले त्याला! आणि कोंबडा मोकळा कुणी सोडला? आळ मात्र बिचाऱ्या माशावर!"

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा भोंगा वाजला.

"परत जाऊ दे तिला!" उवा ओशाळून म्हणाले. "जेपुन कुठेही जायचा नाही. चुकलो मी, रतिह."

विर्या आणि सुदर्मा नाचायला लागले. रतिह मात्र जागची हलली नाही. एक शब्द बोलली नसती तरी चाललं असतं. तिला तो शब्द गिळताच येईना.

"उवा, प्रवाळ त्याने खाल्लं नाही. पण काल त्याने शिंपल्याला चावा घेतला. दोनदा. मी बघितलं, आणि कुणाला सांगितलं नाही."

"वेडी आहेस का?" विर्या ओरडला. "सुटला होता ना तो!"

उवा दोन पावलं तिच्याकडे आले. "हे तू सांगितलं नसतंस, तर कुणाला कळलं असतं?"

"शिंपल्याला," रतिह म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

पेकाकांनी जाळं बाजूला ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आमच्या तरुणपणी आम्ही पाण्यात विष फवारून मासे धरायचो. प्रवाळ पांढरं पडत चाललंय, हे एकूण एक जणाला दिसत होतं. कुणी तोंड उघडलं नाही. मीसुद्धा नाही. तू उघडलंस, पोरी. मला तुझा अभिमान वाटतो."

उवांनी टाकीत वाकून पाहिलं, शिंपल्याकडे आणि मग जेपुनकडे.

"शिंपला मागच्या टाकीत हलवू. जेपुन इथेच राहील. उद्या त्याने प्रवाळाला तोंड लावलं, तर मला खरं सांगणारं माणूस हवं. या टाकीत काय राहील आणि काय जाईल, ते आजपासून रतिह ठरवेल." ते थोडे हसले. "बोला बाईसाहेब, काय हुकूम?"

रतिहने डोळे पुसले. "आधी शिंपला हलवायचा. जड आहे तो. तुम्ही त्या बाजूने धरा."

उवांनी ग्लास खाली ठेवला आणि मुकाट्याने त्या बाजूने धरलं.