शमशेरभाईच्या मागचा पाव्हणा

जर्मनची लढाई संपून वर्ष झालं असेल, तेव्हाची गोष्ट. उन्हाळा तोंडावर आला होता आणि मिरजगावचा शमशेर बँडवाला मिशनच्या दवाखान्यातून तुरटीचं पाणी आणायला निघाला होता. कारण साधंच. म्हशीला पेंड घालताना तिनं मान उडवली आणि शमशेरचे वरचे दोन दात घमेल्यात पडले. म्हशीनं ते खाल्ले की नाही, यावर गावात अजून दोन तट आहेत.

पण कॉर्नेटवाल्याचे पुढचे दात जाणं म्हणजे पैलवानाचा गुडघा जाणं. कॉर्नेट, म्हणजे बँडातली आखूड पितळी तुतारी, ओठांवर टेकते, ओठ दातांवर टेकतात. दातच नाहीत तर नुसती हवा बाहेर पडते, सूर घरीच बसतो. मिसरूड फुटल्यापासून शमशेर बँडच्या पुढं चाललेला माणूस. आणि आता क्लॅरिनेटवाला गहिनीनाथ चारचौघांत म्हणत होता, "शमशेरभाई, तुमी आता मागं झांजा घ्या. त्याला दात लागत न्हाईत."

शेवटी बँडवाल्यांनी ठरवलं, लगीनसराईच्या आत शमशेरनं एकदा वाजवून दाखवावं. नाहीतर झांजा.

दवाखान्याच्या ओट्यावर मिस हार्टली भेटल्या. या मडमबाई औषध चमच्यानं द्यायच्या आणि गाणी घागरीनं.

"शमशेर, रविवारी आमच्या येशूच्या देवळात इटलीचं फार जुनं गाणं आहे. तुमचं काम आहे."

मग त्यांनी समजावून सांगितलं. इकडं आपला मलिक अंबर मोगलांना घाम फोडत होता, त्याच सुमाराला तिकडं मोंतेवेर्दी वगैरे गाणी रचणाऱ्या मंडळींना एक खोडी करायची सवय होती. (हे नाव घ्यायलाही दात लागतात. शमशेरनं नाद सोडला.) एक गवई लोकांसमोर उभा करायचा, दुसरा आडोशाला दडवायचा. समोरच्यानं ओळ संपवली की दडलेल्यानं तिचं शेपूट तेवढं परत म्हणायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, वरूनच कुणी उत्तर देतंय.

"खाली आमच्या शाळेच्या मालनबाई गातील. त्या काळी असं उत्तर चामडं गुंडाळलेल्या वाकड्या लाकडी शिंगावरही वाजवत; तुम्ही घंटेच्या मनोऱ्यात बसून कॉर्नेटवर द्या. तुम्ही कुणालाच दिसणार नाही."

दिसणार नाही. शमशेरच्या बोळक्यात हसू मावेना. जमलं तर पुढारपण राहिलं, फसलं तर वटवाघळांच्या नावावर घालता येईल.

रविवारी ऊन रणरणत होतं. शमशेरची परीक्षा घ्यायला सगळा बँड मागच्या बाकांवर येऊन बसला. गहिनीनाथ तर सर्वांत आधी, लग्नाच्या पंगतीला बसावं तसा. शमशेर शिडीनं वर चढला. खाली घामाच्या धारा लागलेल्या, वर मात्र रांजणात उतरल्यासारखा गारवा. झरोक्यातून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. वितळलेल्या मेणाचा वास येत होता... आणि त्याखाली ओल्या चामड्याचा.

खाली मालनबाईंचा आवाज उठला. ओळ वळत, लपेटे घेत वर आली आणि थांबली. शमशेरनं छाती भरून फुंकलं.

फुस्स.

चुलीत फुंकावं तसं. संपलं, झांजा आल्या गळ्यात, असं तो मनात म्हणतोय, तोच त्याच्या कानामागून ओळीचं शेपूट उठलं. हळू, गोड, थरथरतं. पितळेचा आवाज नव्हता तो. लाकडाच्या नळीतून माणूस गावा, तसला काहीतरी.

शमशेरनं मान वळवली. मागं भिंत होती, हात लावता येईल इतकी जवळ. पण हाडाचा बँडवाला तो! चुकून कुणी वर बघेल म्हणून त्यानं आधी गाल फुगवले आणि मग घाबरला.

दुसरी ओळ. पुन्हा मागून उत्तर. खालचे लोक माना डोलावू लागले.

"उस्ताद..." शमशेर भिंतीला पुटपुटला, "लई उपकार झालं... लगीनसराईभर ऱ्हावा..."

"...ऱ्हावा," मागून आलं. सुरात.

शेवटच्या ओळीला गहिनीनाथला राहवेना. हा बोळक्या वाजवतोय तरी कसा, हे बघायला तो पायांतल्या वहाणा काढून शिडी चढला. मुंडकं वर गेलं, आणि तसंच खाली आलं. देवळात टाळ्यांचा पाऊस पडत होता, मडमबाई रुमालानं डोळे टिपत होत्या आणि गहिनीनाथ दाराशी पांढराफटक उभा होता.

घरी जाताना तो वाटेत हळूच म्हणाला, "शमशेरभाई, तुमचं कॉर्नेट मांडीवर हुतं."

"मंग?"

"भिंतीवर तुमची सावली हुती... तिच्या तोंडाला लांब, वाकडं शिंगासारखं कायतरी... आनि बोटं नाचत हुती त्यावर."

शमशेरनं मागं वळून बघायचं टाळलं. मग बँडवाल्याचा स्वभाव वर आला. "गहिन्या, आता म्होरं कोन चालायचं, तेवढं सांग."

"तुमीच की... पन मी तुमच्या मागं चालायचा न्हाई."

मागं चालायला कुणीच तयार होईना. मग त्या वर्षी मिरजगावचा बँड रस्ताभर आडवा, एका ओळीत चालला. मधोमध शमशेर. गहिनीनाथ ओळ वाजवायचा, शमशेर गाल फुगवायचा, मागून उत्तर यायचं. लोकांना वाटलं, नवी फॅशन. पार राहुरीपर्यंतची लग्नं बुक झाली. गाड्या अडायच्या, गाडीवान शिव्या द्यायचे आणि मग गाडीतून उतरून नाचायचे. शमशेरची बायको चांदबी सांगत फिरायची, "दात पडल्यापास्नं मानूस सुधारला. म्हशीला रोज जादा पेंड घालते मी."

लगीनसराईतलं शेवटचं लग्न. भर दुपार, नवरदेव घोड्यावर, वऱ्हाड गुलालानं लाल. कोणतं गाणं धरायचं, ते गहिनीनाथनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं क्लॅरिनेट ओठांशी नेलं, आणि फुंकायच्या आधीच मागून शेपूट आलं. त्याच गाण्याचं.

घोडा दोन पावलं मागं सरला.

"गहिन्या... वाजव," शमशेर कुजबुजला. "उत्तर येऊन गेलंय..."

गहिनीनाथनं डोळे मिटून ओळ वाजवली. शेवटाला हुबेहूब तेच शेपूट, जे मागून आलं होतं. वऱ्हाड आनंदानं उड्या मारू लागलं. ओळ संपली. सगळा बँड मान न वळवता वाट बघत राहिला.

मागून सूर आला नाही. पुढची ओळ आपणच धरायला त्यांच्या मानेमागं कुणीतरी छातीभर श्वास तेवढा घेतला.